सांगायचं नाही

बुद्धिबळ स्पर्धेचा राऊंड सुरू झाला की दार लावायचं काम बहुधा माझ्याकडे येतं. तालुक्याच्या गावातलं मंगल कार्यालय. आत पंगतीची लांब टेबलं, त्यांवर रेक्झिनचे पट आणि प्लास्टिकच्या सोंगट्या, बाहेर आईबाप. दार लोटता लोटता कुणी ना कुणी आई फटीतून शेवटचं वाक्य आत टाकतेच. "घाई नोको करू!" "पाणी पे रे!" एका बापानं तर "वजीर पाह्य तुया, वजीर!" असं ओरडून घेतलं होतं, आणि पट अजून मांडायचाच होता.

मग दार लागतं. पुढचा अर्धा-पाऊण तास त्या पोराला कुणी काही सांगू शकत नाही. आमच्याकडच्या पोराच्या वाट्याला असा वेळ दुसरीकडे कुठं येत असेल, मला तरी सुचत नाही. शाळेत सर सांगतात, घरी आजी सांगते, शेतात बाप. कबड्डीच्या मैदानावर तर रेषेबाहेरून अर्धं गाव "पाय धर, पाय!" म्हणून घसा कोरडा करतं. इथं मात्र काय खेळायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. चुकलं तर तेही त्याचंच.

मी पेशानं शिक्षक. रविवारी जवळपासच्या तालुक्यांत स्पर्धा असली की पंच म्हणून जातो. गावचा पंच बोलण्यासाठी बसवलेला असतो, आणि मला दिसेल ते गिळत टेबलांमधून फिरावं लागतं. नियमात न बसणारी खेळी झाली, घड्याळ अडकलं, दोघांत वाद झाला, तर बोलायचं. एखाद्याचा वजीर फुकट चाललाय, दुसऱ्याला एका चालीत मात करता येतेय, हे लख्ख दिसत असलं तरी चेहरा कोरा ठेवायचा. हे बोलण्याइतकं सोपं नाही, कारण पोरं पंचाचा चेहरा वाचतात. एका पटाशी मी जरा जास्त थांबलो की दोघांनाही वास लागतो, इथं काहीतरी आहे. म्हणून मी मुद्दाम रटाळ डावांपाशीही तेवढाच वेळ उभा राहतो. ही युक्ती कुठल्या नियमावलीत नाही.

अलीकडे गर्दी वाढली आहे. कारण उघड आहे. 2025 च्या जुलैत जॉर्जियातल्या बातुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात समोर कोनेरू हंपी, जी दिव्याच्या जन्माआधीच ग्रँडमास्टर झालेली. दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले आणि 28 तारखेला टायब्रेकच्या जलद डावांत दिव्यानं तिला हरवलं. ग्रँडमास्टर होण्यासाठी एरवी तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धेत त्या दर्जाचा खेळ केल्याच्या नोंदी, लागतात. दिव्याकडे एकही नव्हता, पण ही स्पर्धा जिंकणाऱ्याला पदवी थेट मिळते, म्हणून एकोणिसाव्या वर्षी ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. नागपूरला त्याआधीही ग्रँडमास्टर होते. रौनक साधवानी 2019 मध्ये तेराव्या वर्षीच झाला. पण दिव्याचा फोटो आमच्या गावच्या सलूनमध्ये लागला, तसा त्याचा लागला नव्हता. तेव्हापासून नाव नोंदवायला येणारे बाप पहिला प्रश्न एकच विचारतात, "रेटिंग किती दिवसांत येते जी?" जणू सोयाबीनचं वाण आहे आणि पाकिटावर दिवस छापलेत. रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा. तो येण्यासाठी रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात, आणि ते खेळाडू आमच्या गावात नसतात, एवढं सांगितलं की बाप गप्प होतात. मग नागपूरला जायला एसटी किती वाजता, हा दुसरा प्रश्न येतो.

बुद्धिबळ इथं नवं नाही, हे मात्र सांगायला हवं. शकुंतला रेल्वे चालू होती त्या दिवसांत स्टेशनाबाहेरच्या पारावर रोज दुपारी पट पडलेला मी लहानपणी पाहिला आहे. तो डाव देशी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकणार. कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, नाही, राजाला शह बसलेला नसेल तर एकदाच त्यानं घोड्यासारखी उडी घ्यायची. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की ज्याचं घर तो मोहरा व्हायचं. हत्तीच्या घरी हत्ती, उंटाच्या घरी उंट. दर वेळी वजीर मागायची सोय नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डाव दोघांचा, पण पटावर बोटं आठ जणांची. "तो उंट काढ ना बे!" "काऊन, मंग हत्ती नाई खाणार का तो?" चाल देऊन झालेली असली तरी चार जणांनी आरडाओरडा केला की परत घेता यायची. हरलेला माणूस घरी जाताना म्हणायचा, "त्या फलाण्यानं सांगतलं म्हणून हरलो." हरण्याचा भार असा वाटला जायचा. पिकाचंही तसंच असतं. पाऊस लांबला, बोंडअळी आली, भाव पडला. यात आपलं चुकलं किती आणि वरच्यानं फिरवलं किती, हे कुणालाच नेमकं सांगता येत नाही. न सांगता येण्यानं थोडी झोपही लागत असेल.

पटावर वरचा कुणी नाही. फासे नाहीत, पत्ते नाहीत, दोघांना सगळं सारखंच दिसतं. म्हणून मला कधी कधी वाटतं, हा खेळ लहान पोरांना झेपण्याजोगा नाही. दहा वर्षांच्या पोराला "हे सगळं तुझंच" असं इतक्या उघडपणे सांगणारं दुसरं काही आहे का?

ज्या डावाबद्दल लिहायला बसलो तो गेल्या हिवाळ्यातला. दारव्हा-दिग्रस भागातलं तालुक्याचं एक गाव, तेरा वर्षांखालच्यांची स्पर्धा, एका खेळाडूला 15 मिनिटं आणि प्रत्येक चालीमागे 5 सेकंद. ती पोरगी आजोबांबरोबर आली होती. एसटीला उशीर झाला म्हणून पहिला राऊंड सुरू होता होता दोघं धावतच पोचले. बाप कापसाची गाडी घेऊन जिनिंगच्या रांगेत, आई तुरीच्या सोंगणीला. आजोबांनी फी मोजून दिली ती नोटांना थुंकी लावत, सावकाश, जणू त्यातली एखादी परत खिशात जाईल. पोरीच्या हातात दप्तराऐवजी कापडी पिशवी, त्यात डबा. खेळ कुणी शिकवला विचारलं तर आजोबांकडे बोट. मग पुस्ती जोडली, "आन् शाळेतल्या सरांनी नवे नियम सांगतले."

आमच्या स्पर्धा स्विस पद्धतीनं होतात. 1895 साली झुरिचला ही पद्धत पहिल्यांदा वापरली म्हणे, पण खेड्यातून येणाऱ्यांना ती मुद्दाम आपल्यासाठीच काढल्यासारखी वाटते, कारण हरलेला बाहेर जात नाही. सातही राऊंड सगळ्यांना खेळायला मिळतात. एसटीचं भाडं वसूल. पुढच्या राऊंडला जिंकलेल्याशी जिंकलेला, हरलेल्याशी हरलेला. त्यामुळे तुम्ही जिंकत गेलात की समोरचा अवघड होत जातो. ही पोरगी तीन राऊंडांत दोन गुण घेऊन चौथ्याला बसली, तेव्हा समोर आला नागपूरहून आलेला एक रेटिंगवाला पोरगा. ॲकॅडमीचा टी-शर्ट, स्वतःची पाण्याची बाटली, आणि बसल्याबरोबर सगळ्या सोंगट्या घराच्या बरोबर मध्यावर सरळ करून घेण्याची सवय. पांढऱ्या त्याच्या, काळ्या तिच्या.

सुरुवातीच्या चाली त्यानं घड्याळाकडे न बघता केल्या. ती प्रत्येक प्यादं हलवायच्या आधी विचार करत होती. सातव्या-आठव्या चालीला तिच्या राजा आणि हत्तीमधली घरं मोकळी झाली. कॅसलिंग करायचं तिच्या मनात असावं. तिनं आधी हत्ती उचलला, राजाशेजारी ठेवला आणि मग राजाला हात घातला. पोऱ्यानं लगेच हात वर केला. एकही सोंगटी न शिवता, पाठ ताठ ठेवून. हेही शिकवलेलंच, कारण तक्रार करायच्या आधी खेळायच्या इराद्यानं स्वतःच्या सोंगटीला हात लावला तर टच मूव्हचा, म्हणजे शिवलेली सोंगटीच खेळायला लावण्याचा, हक्क जातो.

नियम साफ आहे. कॅसलिंगला आधी राजाला हात लावायचा. हत्तीला आधी लावला तर त्या बाजूचं कॅसलिंग त्या चालीला होत नाही, हत्तीच खेळावा लागतो. आणि हत्ती हलला की त्याच्याशी पुढंही कधी कॅसलिंग नाही. सकाळी माईकवरून हे सगळं सांगून झालं होतं, पण तेव्हा आजोबा आणि नात एसटीत होते. मी तिला विचारलं, आधी कशाला हात लावला? ती म्हणाली, "हत्तीले." एका क्षणाचाही विचार न करता. नाही म्हणाली असती तर तिच्या शब्दाविरुद्ध त्याचा शब्द होता, आणि मला साक्षीदार शोधावा लागला असता. हत्ती राजाशेजारी तसाच राहिला आणि राजा मधोमध उघडा.

बक्षीस समारंभाला पाहुणे हमखास एक वाक्य बोलतात: पटावर गरीब-श्रीमंत नाही, 64 घरं सगळ्यांना सारखी. मी टाळ्या वाजवतो, पण मला ते पटत नाही. घरं सारखी असतात हे खरं. दार लागायच्या आधी कुणाला काय काय सांगितलं गेलं, ते सारखं नसतं. त्या पोऱ्याला हात कसा वर करायचा हे शिकवणारं कुणीतरी होतं. हिच्या आजोबांच्या डावात कॅसलिंगच नव्हतं. यात त्या पोऱ्याचा दोष काडीचाही नाही. नियमानं मागितलं, नियमानं मिळालं. आणि हिच्यावर दया दाखवायची म्हणून मी दुर्लक्ष केलं असतं, तर तो पंचाचा नव्हे, पारावरचा कारभार झाला असता. तरीही पुढची दहा मिनिटं मी त्या टेबलाकडे गेलो नाही.

परत आलो तेव्हा वजीर मारामारी होऊन गेले होते आणि तिचं एक प्यादं कमी होतं. मग दुसरं गेलं. उघड्या राजावर त्यानं हल्ला चढवला होता, पण ती प्रत्येक वेळी काहीतरी मारून घेत, पट रिकामा करत सुटली होती. बाहेर खिडकीच्या गजांना सात-आठ डोकी चिकटलेली. पोऱ्याचे वडील मोबाइलवर कुणाला तरी सांगत होते, जिंकल्यातच जमा आहे. खिडकीपासून दूर करावं लागलं त्यांना. आजोबा खिडकीशी आलेच नाहीत. कडुनिंबाखाली पाठ करून बसले होते. नंतर मला म्हणाले, पाहिलं असतं तर तोंडातून निघून गेलं असतं.

बाहेरच्यांना सगळं आधी कळतं, ही या खेळातली गंमत जगाच्या पाठीवर सगळीकडे सारखी आहे. 2024 च्या डिसेंबरात सिंगापूरला गुकेश आणि डिंग लिरेन यांचा विश्वविजेतेपदाचा चौदावा, शेवटचा डाव बरोबरीकडे चालला होता. पंचावन्नाव्या चालीला डिंगनं हत्ती एका चुकीच्या घरात नेला. फोनवर चाली तपासणारं इंजिन लावून बसलेल्या माझ्या अकरावीतल्या विद्यार्थ्याला ती चूक दोन सेकंदांत कळली. तो वर्गातून ओरडला. खुद्द गुकेशला ती लगेच दिसली नव्हती, हे त्यानंच नंतर सांगितलं. हत्ती मारले गेले, उंट मारले गेले, प्याद्यांचा डाव उरला आणि अठराव्या वर्षी तो जगज्जेता झाला. पण त्या मधल्या क्षणांत सगळ्या दुनियेला ठाऊक असलेली गोष्ट फक्त पटावर बसलेल्या दोघांना ठाऊक नव्हती, आणि ती त्यांच्यापर्यंत पोचवायची कुणालाच परवानगी नव्हती.

आमच्या टेबलावर आता उरलं होतं इतकंच: त्याचा राजा, पांढऱ्या घरांवर चालणारा उंट आणि दोन प्यादी, एक उंटाच्या रांगेत, एक अगदी कडेला, हत्तीच्या रांगेत. तिच्याकडे राजा आणि एक घोडा. घड्याळात त्याची चार मिनिटं, तिची दीडच्या आसपास. तिनं घोडा उचलला आणि उंटाच्या रांगेतलं ते प्यादं मारलं. ते प्यादं उंटाच्या जोरावर होतं. पोऱ्यानं उंटानं घोडा मारला, तेही हसून, आणि खुर्चीत मागे टेकला. खिडकीत कुणीतरी "गेली" म्हणालं.

मी मात्र टेबलाच्या कडेला हात धरून उभा राहिलो. कारण हे दिसायला घोडा फुकट देणं आहे, पण खरं तसं नाही. कडेच्या प्याद्याला वजीर व्हायचं घर कोपऱ्यातलं, आणि तो कोपरा काळा. त्याचा उंट पांढऱ्या घरांचा. त्या कोपऱ्यावर त्या उंटाचा जोर जन्मात पडू शकत नाही. तिचा एकटा राजा त्या काळ्या घरात जाऊन बसला की त्याला तिथून काढता येत नाही. कोंडता येतं, पण कोंडलं आणि शह नसला तर स्टेलमेट, डाव बरोबरीत. उंट दुसऱ्या रंगाचा असता, किंवा ते मधलं प्यादं जिवंत असतं, तर डाव संपला होता. पुस्तकांत हे पहिल्या काही धड्यांत असतं. पण पुस्तक तिनं पाहिलं होतं की घोडा वाचत नाही म्हणून जाता जाता एक प्यादं तरी घ्यावं, असं वाटलं होतं? तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. माझ्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळू नये म्हणून मी खाली वाकून बुटाची लेस बांधली. ती सुटलेली नव्हती.

तिचा राजा कोपऱ्यात गेला. पोऱ्यानं प्यादं एक घर सरकवलं. तिचा राजा कोपऱ्यातून शेजारच्या घरात, तिथून परत कोपऱ्यात. त्यानं उंट इकडून आणला, तिकडून आणला. हळूहळू त्याची पाठ खुर्चीची सुटली. बाटलीतलं पाणी संपलं. शेवटी त्यानं प्यादं सातव्या घरात ढकललं, राजा आणून त्याच्या मागे उभा केला आणि घड्याळावर हात मारून म्हणाला, "मेट!"

ती पटाकडे बघत राहिली. मग मान वर करून त्यालाच विचारलं, "चेक कुठी हाय?"

पोऱ्यानं पट पाहिला. पुन्हा पाहिला. त्याचे कान लाल झाले. मी घड्याळ थांबवलं, दोघांच्या नावांपुढे अर्धा अर्धा लिहिला आणि सह्या घेतल्या. सही करताना ती हळूच म्हणाली, "सर, याचा अर्धा भेटते ना?" भेटते, म्हटलं. हे सांगायला पंचाला परवानगी असते.

पाचव्या राऊंडची पेअरिंग लागायला वेळ होता. पोऱ्या बाहेर आला तेव्हा वडिलांनी त्याला खिडकीपाशीच गाठून काय सुनावलं ते लिहीत नाही. तो तिथून सुटून कार्यालयाच्या व्हरांड्यात आला, जिथं मोकळ्या सरावासाठी एक पट ठेवलेला असतो, आणि तिथं डबा खात बसलेल्या त्या पोरीसमोर त्यानं तोच शेवट मांडला. "उंट इथं नेला असता तर?" तिनं भाकरीचा हात पुसला आणि राजा कोपऱ्यात ठेवला. "मग इथून?" राजा कोपऱ्यात. तिसऱ्यांदा त्यानं उंटच उचलून काळ्या घरात ठेवला. मग तिनं मान हलवली, आता हरले. असं दोघं मिनिटभर बघत राहिली, आणि मी तेवढ्यात विचारून घेतलं, घोडा मुद्दाम दिलास का? ती म्हणाली, "आबाजी म्हणतात, मरणाऱ्यानं रिकाम्या हातानं मरू नये." आणि पुन्हा जेवायला लागली. म्हणजे ठाऊक होतं की नव्हतं, ते मला आजही ठामपणे सांगता येणार नाही.

एव्हाना दार उघडंच होतं आणि बंदी उठली होती. व्हरांड्यातल्या पटाभोवती एक एक करत माणसं जमली. पोऱ्याचे वडील आले, दोन आया आल्या, कार्यालयाचा चौकीदार आला. "प्यादं थांबवायला पाह्यजे होतं." "नाई जी, उंटच मारून टाकला असता पयले." कडुनिंबाखालून आजोबा उठून आले. त्यांना सगळा डाव पुन्हा मांडून दाखवावा लागला, चार जणांनी चार तऱ्हेनं दाखवला. त्यांनी कडेच्या प्याद्यावर बोट ठेवलं आणि पोऱ्याला विचारलं, "तुले वजीर कायले पाह्यजे होता बापा? हे हत्तीचं घर हाय. इथं त्याचा हत्तीच होते." पोऱ्या म्हणाला, आजोबा, असा नियम नाहीये. आजोबा म्हणाले, हायच. चौकीदार म्हणाला, त्याच्या गावीही हायच. पोऱ्याच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, "सर, तुम्ही सांगा." सगळेच माझ्याकडे वळले. आता बोलायला मला कुठलीच आडकाठी नव्हती, पण तेवढ्यात आत माईकची किरकिर झाली, पाचव्या राऊंडचे बोर्ड नंबर पुकारायला सुरुवात झाली, आणि मी दाराकडे निघालो. मागे आजोबा त्या पोऱ्याला राजाची घोड्याची उडी समजावून सांगत होते.